सातचा भोंगा

तुम्ही माझ्या बापाच्या कागदावर लिहिलंत, ‘पेशंट गोळ्या नियमित घेत नाही.’ निळ्या शाईनं लिहिलंत, खाली कुणाला वाचता येणार नाही अशी सही ओढलीत आणि वर गोल शिक्का मारलात. मी टेबलाच्या अलीकडं उभी होते. आप्पा स्ट्रेचरवर छाती दाबून धरून माझ्याकडं बघत होते. लिहिताना तुम्ही एकदासुद्धा मान वर केली नाहीत. नऊ वर्षं झाली त्याला. तो कागद माझ्या शिलाई मशीनच्या खणात आहे, बॉबिनांच्या डबीखाली. तुमचं नाव मला आजही माहीत नाही, म्हणून नुसतं ‘तुम्ही’ म्हणते.

ज्या माणसाबद्दल तुम्ही हे लिहिलंत तो कोण होता, ते आधी ऐका. केरबा शिपुगडे, आमच्या नगरपालिकेचे भोंगेवाले. पालिकेच्या माडीवर एक खोली, भिंतीला खटका, छपरावर कर्णा. सकाळी नऊ, दुपारी एक, संध्याकाळी सात. आप्पा रोज रेडिओच्या ठोक्यांवर मनगटातलं घड्याळ लावायचे, आणि मग त्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर नजर ठेवून खटका दाबायचे. एकतीस वर्षं. आजी गेली त्या दिवशी एकचा भोंगा करून आले आणि मग तिला उचलली. भावकीनं नावं ठेवली. आप्पा म्हणाले, तिला घाई नव्हती, गावाला होती.

असा माणूस गोळी चुकवेल?

रिटायर झाल्याच्या दुसऱ्या वर्षी आप्पांना झटका आला. जिल्ह्याला नेलं, काळजाच्या नळीत स्प्रिंग घातली, आणि परत आले ते तीन गोळ्या घेऊन. पांढरी बीपीची, सकाळी एक. गुलाबी काळजाची धाव आवरणारी, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. बारकी पिवळी रक्त पातळ ठेवणारी, दुपारी जेवल्यावर. आप्पांनी डॉक्टरांना एकच विचारलं, सकाळी म्हणजे किती वाजता. डॉक्टर हसले आणि म्हणाले, तुम्हीच ठरवा. आप्पांनी ठरवलं, नऊच्या भोंग्याला, एकच्या भोंग्याला, सातच्या भोंग्याला. तोवर खटक्यावर इलाही मुलाणी आला होता. आप्पांनीच हाताखाली तयार केलेला, चाळिशीचा, चार लेकरांचा बाप. भोंगा सुरू झाला की आप्पा गोळी जिभेवर ठेवायचे आणि भोंगा थांबायच्या आत पाणी प्यालेले असायचे. इलाहीचा भोंगा अर्धं मिनिट लांबला तर त्याला बोलावून घ्यायचे.

मी ब्लाऊज शिवते. नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हापासून आप्पांच्याच सोप्यात माझं मशीन आहे. सातवी शिकले. इंग्रजी अक्षरं मला तेव्हा नुसती वेलबुट्टी दिसायची. पण रंग मला कुणी शिकवायला नको. शंभर पोपटी दोऱ्यांतून साडीला लागणारा पोपटी मी दिव्याच्या उजेडातसुद्धा काढते. म्हणून आप्पांसाठी मी एक पट्टी शिवली. हातभर लांबीची, खादीची, भिंतीवर अडकवायची. आठवड्याचे सात भाग, दर भागाला तीन कप्पे. नऊच्या कप्प्यावर एक पांढरी आणि एक गुलाबी चिंधी. एकच्या कप्प्यावर पिवळी. सातच्या कप्प्यावर गुलाबी. चिंधीसारखी गोळी कप्प्यात. वाचायची गरज नाही, विचारायची गरज नाही.

शेजारच्या चंपूआत्यानं ती बघितली आणि म्हणाली, मला पण शीव. तिलाही झटका येऊन गेलेला. मग तिच्या सरकारी दवाखान्यातल्या रांगेतल्या मैत्रिणी आल्या, कोपऱ्यावरचे घाटगे मास्तर आले, द्वारकाकाकू आली. वर्षभरात आप्पा धरून अकरा जण झाले. सगळे एका पंगतीतले, बीपीही आणि काळीजही. सगळ्यांना त्याच खिडकीतून त्याच गोळ्या मिळायच्या. एक तारखेला, आणि पुढं दर रविवारी, पिशव्या घेऊन सगळे माझ्याकडं यायचे आणि मी पट्ट्या भरून द्यायची. सातचा भोंगा झाला की आमच्या पेठेत अकरा ठिकाणी तांब्या-भांड्यांचा आवाज व्हायचा. तुमच्याच दवाखान्यातल्या नर्सबाईंनी त्या पट्टीचा फोटो काढून नेला. वर पाठवते म्हणाल्या. हे विसरू नका.

आता त्या महिन्याचं सांगते.

एक तारखेला मी अकराही जणांच्या पट्ट्या भरल्या. सहा तारखेला द्वारकाकाकू नहाणीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. तिला हाडाच्या दवाखान्यात हलवलं. म्हातारं माणूस, ओली फरशी, कुणाला त्यात नवल वाटलं नाही.

आठ तारखेला, मंगळवारी, नऊचा भोंगा झाला, आप्पांनी गोळ्या घेतल्या आणि उठताना दाराची चौकट धरली. ती सुटली. मी मशीनवरून धावले तर ते उंबऱ्यात बसले होते, ओठ पांढरे, कपाळाला गार घाम. म्हणाले, मालन, काळीज लई पळतंय गं, आणि पाय जाग्यावर न्हाईत.

दवाखान्यात नेलं. नवाच डॉक्टर होता, चेहऱ्यावरून चांगला. त्यानं पट्टा बांधला, फुगवला, परत फुगवला. नव्वद-पन्नास. नाडी एकशे दहा. म्हणाला, बीपी फार उतरलंय, गोळ्या जास्त होतायत. सगळ्या गोळ्या दोन दिवस बंद ठेवा, मीठ-साखर-लिंबाचं सरबत द्या, गुरुवारी दाखवा. मी विचारलं, सगळ्या म्हणजे सगळ्या? तो म्हणाला, बीपीच्या सगळ्या. मी विचारलं, गुलाबी पण? तो म्हणाला, सगळ्याच बंद ठेवा हो. मागं रांग होती. कागदावर काही लिहिलं नाही. मी पण मागितलं नाही.

घरी येऊन सरबत केलं. आप्पांनी पेला हातात धरून बघितला. दोन वर्षं त्यांच्या भाजीत मी चिमटीनं मीठ घालत होते, लोणच्याची बरणी कुलपात ठेवली होती.

‘दोन वरीस अळणी खाऊ घाटलंस,’ ते म्हणाले, ‘आता पेलाभर मीठ पाजतीस. तुझं नक्की ठरलंय काय?’

मला काही ठरवता येत नव्हतं. दोन वर्षं सगळे एकच सांगत होते, बीपी वाढू देऊ नका, वाढलं तर काळजाला धोका. आता कमी झालं तर त्यालाही धोका म्हणतात. मग बरोबर तरी काय? मी नर्सबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, डॉक्टरांनी सांगितलं तसं करा. चंपूआत्या म्हणाली, तिलाही चार दिवस उठताना अंधारी येतेय, हवा बदलली की असं होतं. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. हे माझं दुसरं चुकलं. पहिलं पुढं सांगते.

मंगळवारी सातचा भोंगा झाला. आप्पा भिंतीवरच्या पट्टीसमोर जाऊन उभे राहिले. हात वर गेला आणि खाली आला. बुधवारीही तसंच, तिन्ही भोंग्यांना. शेवटी पट्टीकडं पाठ करून बसायला लागले.

गुरुवारी सकाळी अकराला छातीत दुखायला लागलं. डाव्या खांद्यात, जबड्यात. परत रिक्षा, परत तोच दवाखाना. मंगळवारचा डॉक्टर रजेवर गेला होता. दुसऱ्यांनी पट्टा बांधला. एकशे नव्वद-एकशे दहा.

ते दुसरे म्हणजे तुम्ही.

तुम्ही विचारलंत, गोळ्या कधीपासून बंद आहेत? मी म्हणाले, मंगळवारपासून. कुणी सांगितलं बंद करायला? मी म्हणाले, इथल्याच डॉक्टरांनी. कुठं लिहिलंय? कुठंच नव्हतं लिहिलेलं. तुम्ही म्हणालात, काळजाची गोळी कुणी अशी एका दिवसात तोडायला सांगतं का? आणि लिहायला घेतलंत. मी तुम्हाला पट्टी दाखवायला पिशवीत हात घातला तर म्हणालात, ते राहू दे, ॲम्ब्युलन्स आलीय. शिक्का मारलात. आप्पांनी स्ट्रेचरवरून विचारलं, साहेब, काय लिवलं? तुम्ही म्हणालात, आजोबा, बोलू नका. वाटेत मी त्यांना कागद वाचून दाखवला. मी तो वाचायला नको होता. चाळीस किलोमीटर त्यांनी डोळे मिटले नाहीत, आणि छातीत दुखत असताना एवढंच म्हणाले, ‘नियमित न्हाई. मी.’

जिल्ह्याच्या दवाखान्यात पन्नाशीच्या एक डॉक्टरबाई होत्या, आखूड केसांच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी जिभेखाली काही दिलं, सुई लावली, पट्ट्या चिकटवल्या, तास-दीड तास बाजूला हलल्या नाहीत. चारच्या सुमाराला आप्पांच्या चेहऱ्यावर रंग आला. पाचला त्यांनी चहा मागितला, तो मिळाला नाही. साडेपाचला बाईंनी तुमचा कागद वाचला आणि मला विचारलं, गोळ्या का घेत नाहीत हे?

मी भिंतीवरून काढून आणलेली पट्टी त्यांच्यापुढं ठेवली. मंगळवारी सकाळपर्यंतचे कप्पे रिकामे, पुढचे भरलेले. मी म्हणाले, बाई, मंगळवारी तिथल्याच डॉक्टरांनी बंद करायला सांगितल्या. एक तारखेपासून तोवर एक गोळी चुकली असली तर मला इथंच मारा.

त्यांनी पट्टी दोन्ही हातांनी धरली. बराच वेळ बघत होत्या. मला वाटलं, नर्सबाईंसारख्या त्यापण चांगली आहे म्हणणार. त्यांनी बुधवारच्या नऊच्या कप्प्यातून पांढरी गोळी काढून तळहातावर घेतली.

‘ही कसली?’

‘बीपीची.’

‘कुणी सांगितलं?’

‘दोन वर्षं तीच आहे. पांढरी बीपीची, गुलाबी काळजाची.’

‘पाकिटं आणलीयत?’

उरलेल्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत होती. दवाखान्याच्या खिडकीत पाकीट अख्खं देत नाहीत. तो माणूस कात्रीनं मोजून कापतो, नाव अर्धं इकडं, अर्धं तिकडं. बाईंनी दोन तुकडे शेजारी लावले, फाटलेली पावती जुळवावी तसे, आणि वाचलं. मग त्या माझ्याकडं वळल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

‘ही पांढरी काळजाची आहे. बीपीची ही, गुलाबी. कंपनी बदललेली दिसते, रंग उलटे झालेत. म्हणजे बीपीची गोळी दिवसातून दोनदा गेली आणि काळजाची एकदाच. आठवडाभर. म्हणून बीपी तळाला गेलं आणि नाडी पळायला लागली. आणि मग तुमच्याकडच्यांनी सगळंच एकदम तोडलं, म्हणून ते वर उसळलं.’

शंभर पोपटीतून एक पोपटी काढणारी मी. दोरा जुळवावा तसा मी गोळीला रंग जुळवला होता. पाकिटाचा कागद वेगळा आहे हे मला एक तारखेलाच दिसलं होतं. पण कागद याआधीही बदलायचा, कधी चंदेरी, कधी निळसर. आतला रंग दोन वर्षांत बदलला नव्हता. हे माझं पहिलं चुकलं. तुम्ही विचारायच्या आधी मीच लिहिते, की कप्पा माझा होता, चिंधी माझी होती आणि हातही माझाच होता.

मी बाईंना विचारलं, पण बीपी कमी झालं तर चांगलंच ना? वाढलेलं वाईट असं दोन वर्षं ऐकतेय.

त्या म्हणाल्या, ‘तुम्ही काय करता?’

‘शिवते.’

‘मशीनच्या दोऱ्याला ताण किती ठेवता?’

मला एकदम कळलं. जास्त झाला तर दोरा तुटतो, कमी झाला तर खाली गुंता. बाई म्हणाल्या, साध्या माणसाचं थोडं इकडं-तिकडं चालून जातं. पण ज्याच्या नळ्या आधीच अरुंद, त्याच्या काळजाला स्वतःचं रक्त मिळायलाही दाब लागतो. चढला तर काळीज थकतं, फार उतरला तर उपाशी राहतं. दोन्हींच्या मध्ये ठेवायचा, आणि काही बदलायचं तर एकेक, हळूहळू.

हे दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी मला सांगितलं. दहा वाक्यंही लागली नाहीत.

मी खुर्चीत बसून त्या दहा वाक्यांचाच विचार करत होते, तेवढ्यात आप्पांचा आवाज आला. नाकात नळी होती, त्यामुळं घोगरा.

‘मालन, किती वाजलं?’

मी म्हणाले, झोपा आप्पा. पावणेसहा.

‘सातला सव्वा तास हाय,’ आप्पा म्हणाले. ‘बाकीच्यांच्या पट्ट्या कुणी भरल्या?’

मला हे सुचलं नव्हतं. देवाशप्पथ सुचलं नव्हतं. मी माझ्या बापापुरती घाबरले होते. मग डोळ्यांपुढून एकेक जण गेला. चंपूआत्याची अंधारी. घाटगे मास्तर. नहाणीतली द्वारकाकाकू. आप्पा आणि काकू वजा केले तर नऊ राहिले. सातचा भोंगा होणार, नऊ हात कप्प्यांत जाणार आणि बीपीची दुसरी गोळी घेऊन बाहेर येणार. बाईंना विचारलं, आज एक संध्याकाळ घेतली तर? त्या म्हणाल्या, नऊ दिवस चाललंय, आता कोण कधी पडेल सांगता येत नाही. संध्याकाळची कुणीच घेऊ नये. सकाळी सगळ्यांना माझ्याकडं नाहीतर कुणाही डॉक्टरकडं पाठवा, पण सगळ्या गोळ्या बंद करू देऊ नका. ती चूक परत नको.

नवांपैकी दोघांकडं फोन होते. एकाचा लागला नाही. दुसऱ्याच्या सुनेनं ‘बरं बरं, सांगते’ म्हणून ठेवला, आणि ती काय सांगते मला माहीत होतं. एस.टी.ला सव्वा तास लागतो, स्टँडवर जाऊन गाडी धरून गावात पोचेपर्यंत सात होऊन गेले असते. मी इलाहीला फोन लावला. तो माडीवरच होता. मी त्याला सगळं सांगितलं, अर्धं रडत. तो म्हणाला, ताई, मी सायकलवर जातो, घरं सांगा.

आप्पांनी हात पुढं केला. मी फोन त्यांच्या कानाला लावला.

‘इलाही, घरं नऊ हाईत, तीन गल्ल्यांत. आज गुरुवार, बाजार. निम्मी घरी नसणार. एक जरी चुकला तर भोंगा झाला की त्याचा हात कप्प्यात जाणार. सवय हाय ती, आपणच लावलीया.’ जरा थांबून श्वास घेतला. ‘भोंगा वाजवू नको.’

मग इलाही म्हणाला, मला फोनमधून ऐकू आलं, ‘आप्पा, काय बोलताय तुम्ही?’

‘वाजला न्हाई तर एकबी गोळी घेणार न्हाई. सगळी बाहेर येतील आणि तुझ्याकडंच येतील, इच्यारायला. तितं सांग सगळ्यांना.’

‘आप्पा, साहेब खुलासा मागतील. माझी नोकरी कच्ची हाय अजून.’

‘ठाऊक हाय मला.’

‘तुम्ही तर एकदाबी चुकवला न्हाई. आजी गेली तवाबी न्हाई. मला तेच शिकवलंत.’

‘शिकवलं मीच. आज मीच सांगतोय. लेका, तू न्हाई चुकवत. मी चुकवतोय.’

इलाहीनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. फोन बंद झाला.

पुढचा तास कसा गेला, मला नीट सांगता येत नाही. इलाही काय करील ते कळत नव्हतं, त्यानं काय करावं तेही कळत नव्हतं. चार लेकरं होती त्याला. आप्पांनी घड्याळ काढून उशाला ठेवायला लावलं आणि सेकंदकाट्याकडं बघत पडले. समोरच्या यंत्रावर हिरवी रेघ उड्या मारत होती. सातला एक मिनिट राहिलं तसा त्यांचा उजवा हात चादरीबाहेर आला, अंगठा पुढं. खटका दाबायची सवय. आप्पांनी डाव्या हातानं तो अंगठा मुठीत धरला आणि पोटाशी दाबून ठेवला. सात वाजले. चाळीस किलोमीटरवरून तसंही काही ऐकू आलं नसतं. तरी आम्ही दोघं कान देऊन बसलो होतो.

सात वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. इलाही होता. मागं माणसांचा कालवा.

भोंगा झाला नाही तशी सगळी पेठ ओट्यांवर आली होती. पहिली चंपूआत्या आली, पट्टी खांद्यावर टाकून, ‘मेल्या, झोपलास काय?’ म्हणत. मग घाटगे मास्तर, घड्याळ हातात घेऊन. मग एकेक. पालिकेच्या पायऱ्यांवर पट्ट्या घेऊन उभे राहिलेले आठ जण इलाहीनं मोजले. नववी म्हातारी बाजारातून परस्पर लेकीकडं गेली होती, तिथं भोंगा ऐकू येत नाही, म्हणून तिनंही गोळी घेतली नव्हती. सगळ्यांच्या सातच्या कप्प्यातली गुलाबी गोळी जागेवर होती. इलाहीनं ती पायरीवरच काढून घेतली आणि एका पाकिटात भरली. चंपूआत्या खाली बसून राहिली. म्हणाली, मालनला म्हणावं, मी तुला आंधारी सांगितली होती की गं.

आप्पांनी एवढंच विचारलं, इलाही, किती वाजता वाजवशील मग?

‘आज न्हाईच, आप्पा.’

‘बरं केलंस,’ आप्पा म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड केलं. त्यांना मी आयुष्यात दोनदा रडताना बघितलं. एकदा तेव्हा.

आठ दिवसांत इलाहीला तुमची नोटीस आली. दवाखाना वेगळा आणि नगरपालिका वेगळी असं मला सांगू नका, शिक्का गोलच असतो. गुरुवारी सायंकाळी सात वाजता भोंगा न वाजवल्यामुळं नागरिकांची गैरसोय झाली, सात दिवसांत लेखी खुलासा करावा. इलाहीला लिहिता येत नव्हतं, म्हणून मी लिहिला. चार पानं. आयुष्यात पहिल्यांदा मी एवढं लिहिलं. त्या आधी मापाच्या वहीत छाती-कंबर-बाही यापलीकडं माझं अक्षर गेलं नव्हतं. त्या पाकिटातल्या आठ गुलाबी गोळ्या खुलाशाला टाचून दिल्या. पुढं इलाहीला घंटागाडीवर टाकलं. भोंग्याला विजेचं स्वयंचलित घड्याळ बसवलं. खुलाशाचं काय झालं विचारायला गेले तर म्हणाले, दप्तरी दाखल आहे.

मी खिडकीतल्या कात्रीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, वरून आलं ते वाटलं, पाकिटावर नाव असतं. कापलेल्या पाकिटावर? तो म्हणाला, ते डॉक्टरांनी सांगायचं. रजेवरून आलेला डॉक्टर म्हणाला, रंग बदलल्याचं मला खिडकीनं कळवायला हवं होतं. नर्सबाई म्हणाल्या, मी तर फोटो वर पाठवला होता.

आप्पा त्यानंतर तीन वर्षं जगले. काळीज पहिल्यासारखं चाललं नाही, जिना चढायचं सुटलं, पण गोळी चुकली नाही. मी इंग्रजी अक्षरं शिकले, चाळिसाव्या वर्षी, पाकिटांवरून. पट्ट्यांवरच्या चिंध्या उसवल्या आणि दोऱ्यानं नावं भरली. आप्पा गेले त्या दिवशी सकाळचा कप्पा रिकामा होता. तुमच्या कागदावरची ओळ मात्र तशीच आहे, आणि त्यांच्या प्रत्येक नव्या कागदावर ती तिथूनच उतरवली गेली.

द्वारकाकाकू पुन्हा चालली नाही. वर्षभर खाटेवर होती, मग गेली. मी तिच्या सुनेला जाऊन सगळं सांगितलं, मी काय भरलं होतं ते. ती म्हणाली, अगं, नहाणीत शेवाळ होतं, माझंच घासायचं राहिलं होतं. खरंच होतं शेवाळ. मी स्वतः बघितलं होतं. म्हणून मला आजपर्यंत कळलेलं नाही की काकू शेवाळानं पडली की माझ्या कप्प्यानं. मी रोज मशीनवर बसते आणि रोज एकदा काकू नहाणीत पडते.

माझी चूक मी लिहून दिली, सही केली, वाचता येते अशी केली. भोंगा एक संध्याकाळ वाजला नाही, तो तुम्हाला ऐकू आला आणि तुम्ही सात दिवसांत खुलासा मागितलात. आता मी मागते. त्या एक तारखेला, खिडकीत, कात्री चालवताना, ‘बाई, आता बीपीची गुलाबी’, एवढे चार शब्द कुणी बोलायचे होते? खिडकीनं, डॉक्टरनं, की ज्यांनी गोळ्या विकत घेतल्या त्यांनी? मला नाव सांगा. आणि काकू कशानं पडली, तेही तुम्हीच सांगा. नऊ वर्षं झाली. लेखी द्या.